४१ किलो वजन आणि १४०० मिलिलिटरचं यंत्र: बायपासचा द्रव निवडताना

पार्श्वभूमी

रुग्ण ४६ वर्षांची स्त्री, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातली शेतमजूर. ओळख पटू नये म्हणून वय आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत, निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप हळूहळू आकसत गेली होती. निरोगी झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, यांची ०.८ उरली होती. दोन महिन्यांत दोनदा फुप्फुसात पाणी भरून भरती व्हावं लागलं होतं. हृदयाचे ठोके अनियमित, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला. झडप बदलणं हाच मार्ग होता आणि शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजूर झाली होती.

वजन ४१ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ जेमतेम १.३ चौरस मीटर. हिमोग्लोबिन ९.९, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ३० टक्के. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.९, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.०. रक्तगट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीने दोन पिशव्या राखून ठेवल्या होत्या. तिसरीसाठी त्यांचा मुलगा गावोगावी दाते शोधत फिरत होता.

मी परफ्युजनिस्ट, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणारा. हृदय थांबवून आत काम करायचं तर तेवढा वेळ रक्त फिरवणं आणि त्यात ऑक्सिजन मिसळणं हे काम यंत्राकडे जातं. आम्ही त्याला ‘बायपासवर घेणं’ म्हणतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या बायपास ऑपरेशनशी त्याची गल्लत करू नये. या यंत्राच्या नळ्या, रिझर्व्हॉयर (रक्त साठवणारी टाकी) आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) रिकामे ठेवून चालत नाही. हवेचा एक बुडबुडा मेंदूत गेला तरी अनर्थ होतो. म्हणून सगळं आधी द्रवाने भरतात. तो भरलेला द्रव म्हणजे प्राइम.

जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात हे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा आणि त्यानंतरची काही वर्षं यंत्र दात्यांच्या रक्तानेच भरत. एका रुग्णासाठी कितीतरी दाते लागत. ओक्लाहोमा सिटीत नाझिह झुहदी यांनी १९६० मध्ये रक्ताऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोजने यंत्र भरून दाखवलं आणि जाणूनबुजून रक्त पातळ करण्याची पद्धत रुळली. थंड केलेल्या शरीरात थोडं पातळ रक्त बारीक वाहिन्यांतून सहज फिरतं, हा त्याचा फायदाही दिसला. आज बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी यंत्रात रक्ताचा थेंब नसतो.

अडचण

आमच्या नेहमीच्या प्रौढ सर्किटचं, म्हणजे यंत्र आणि नळ्यांच्या जोडणीचं, प्राइम १४०० मिलिलिटर आहे. ७० किलोच्या माणसात साडेचार लिटर रक्त असतं, त्याला हे चालून जातं. या बाईंच्या अंगात किलोला ६५ मिलिलिटर या हिशेबाने २६६५ मिलिलिटर रक्त. त्याच्या ३० टक्के म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर लाल पेशी. भांडवल एवढंच.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी हिशेब मांडला. ८०० मिलिलिटर लाल पेशी, त्यांचं स्वतःचं २६६५ मिलिलिटर रक्त, त्यात १४०० प्राइम आणि भूल देताना शिरेतून जाणारं आणखी ४०० मिलिलिटर. बायपास सुरू होताच हिमॅटोक्रिट १७.९ टक्क्यांवर येणार होता, हिमोग्लोबिन साधारण ६. नेहमीच्या प्रवाहाला, म्हणजे चौरस मीटरला मिनिटाला २.४ लिटरला, शरीराला पोचणारा ऑक्सिजन दर चौरस मीटरला २१० मिलिलिटरच्या आसपास. हा आकडा २८० च्या खाली रेंगाळला की मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण वाढतं, हे गेल्या दोन दशकांत वारंवार दिसलं आहे. आणि हे सगळं कार्डिओप्लेजियाच्या, म्हणजे हृदय थांबवणाऱ्या द्रवाच्या, आधीचं. तो द्रवही शेवटी याच रक्तात मिसळतो.

द्रवाची निवड म्हटलं की चर्चा लगेच कोणत्या बाटलीवर जाते: रिंगर की सलाईन, अल्ब्युमिन की जिलेटिन. माझं मत असं, की इतक्या लहान शरीरात पहिला प्रश्न ‘किती’ हा आहे. ‘कोणता’ त्याच्यानंतर येतो. या प्रकरणातला प्रत्येक निर्णय त्याच क्रमाने घेतला, म्हणूनच ते सविस्तर लिहितो आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा. शिरेतून लोह देऊन तीनेक आठवडे थांबलं तर हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमने वाढण्याची आशा होती. हृदयरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नकार दिला. दोनदा पाणी भरलेल्या फुप्फुसांना तिसऱ्यांदा ते सोसेलच याची खात्री नव्हती. मधला मार्ग निघाला: भरतीच्याच दिवशी लोहाचा एक डोस शिरेतून द्यायचा. त्याचा फायदा शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत होईल, बायपासला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा पर्याय सगळ्यात सोपा. प्राइममध्ये रक्ताची एक पिशवी ओतायची. एका पिशवीत साधारण १८० मिलिलिटर लाल पेशी धरल्या तर १४०० च्या सर्किटमध्येही हिमॅटोक्रिट २२ च्या जवळ राहिला असता. पण दोनच पिशव्या हातात असताना त्यातली एक शस्त्रक्रियेआधीच खर्च केली तर नंतर रक्तस्राव झाल्यावर काय? शिवाय जे काम नळीची लांबी कमी करून होतं त्यासाठी दात्याचं रक्त वापरणं मला पटत नव्हतं. परक्या रक्ताचे फुप्फुसावर आणि प्रतिकारशक्तीवर होणारे परिणाम हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णात दुर्लक्ष करण्याजोगे नसतात.

तिसरा पर्याय यंत्रच लहान करण्याचा. त्याबद्दल पुढे.

मग द्रवाचा प्रकार. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरला १५४ मिलिमोल असतात. प्लाझ्मात क्लोराइड शंभरच्या आसपास असतं. लिटरभर सलाईन अडीच लिटर रक्तात मिसळलं की क्लोराइड चढतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. मग ते सुधारायला सोडाबायकार्ब, म्हणजे आणखी सोडियम, आणखी पाणी. रिंगर लॅक्टेट स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि बहुतेकांना पुरेसं चांगलं. इथे त्याच्या दोन गोष्टी आड आल्या. त्यात लॅक्टेट असल्यामुळे बायपासवर रक्तातलं लॅक्टेट वाढलं तर ते ऑक्सिजन कमी पडल्याने की प्राइममुळे, असा संभ्रम राहतो, आणि या रुग्णात तोच आकडा आमचा पहारेकरी होता. दुसरं, त्यात कॅल्शियम असतं. ऐनवेळी सायट्रेट, म्हणजे कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन, घातलेली रक्ताची पिशवी सर्किटमध्ये सोडायची वेळ आली तर ते नको होतं. अॅसिटेट-ग्लुकोनेट असलेल्या संतुलित द्रावणात, म्हणजे प्लाझ्मा-लाइटमध्ये, सोडियम १४०, क्लोराइड ९८, कॅल्शियम नाही. किंमत जास्त, पण एका लिटरचा प्रश्न होता.

स्टार्चवर, म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणाऱ्या द्रावणावर, थोडं बोलणं झालं. आमचे वरिष्ठ सर्जन म्हणाले, “थोडं स्टार्च टाका, प्रेशर टिकेल.” एके काळी सगळेच टाकत. मी म्हटलं, “सर, पंपावर स्टार्चने रक्तस्राव वाढतो. दोनच पिशव्या आहेत आपल्याकडे.” अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच हायड्रॉक्सिइथिल स्टार्चवर मूत्रपिंडाची इजा आणि मृत्यू यांबद्दल ठळक इशारा छापायला लावला, आणि बायपासवरच्या शस्त्रक्रियांत जास्त रक्तस्राव होतो हा इशाराही सोबत दिला. युरोपात २०२२ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली. सर लगेच म्हणाले, “मग विषय संपला.” जिलेटिनचाही विचार टिकला नाही. गुठळी धरण्याच्या क्रियेत तेही थोडा अडथळा आणतं आणि क्वचित तीव्र अॅलर्जी होते.

अल्ब्युमिनवर मात्र खरा वाद झाला. बाजूने मुद्दे असे: ते नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर थर धरतं, त्यामुळे गुठळी बनवणारे फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट तिथे कमी चिकटतात. प्लाझ्माला पाणी धरून ठेवण्याची जी ताकद असते ती टिकवायलाही मदत होते. यांचं अल्ब्युमिन मुळातच २.९ होतं. निव्वळ क्षारद्रावण मिसळलं की ते दोनच्या आसपास येणार, आणि फुप्फुसात पाणी झिरपायला निमित्तच हवं होतं. विरोधात हेलसिंकीची मोठी चाचणी. २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १३८६ रुग्णांना प्राइम आणि नंतरचा द्रव म्हणून ४ टक्के अल्ब्युमिन किंवा रिंगर अॅसिटेट दिलं. ९० दिवसांतल्या मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण अल्ब्युमिन गटात ३७.१ टक्के, दुसऱ्या गटात ३३.८. फायदा दिसला नाही, उलट रक्तस्राव आणि पुन्हा छाती उघडावी लागणं अल्ब्युमिन गटात जास्त. सरसकट अल्ब्युमिन वापरू नये, हे मला त्यातून मान्य आहे. पण तिथे ते प्राइमपुरतं नव्हतं, नंतरही दिलं जात होतं, आणि आमची रुग्ण कुपोषित, जेमतेम ४१ किलोंची होती.

ठरलं ते

सर्किट लहान केलं. कमी प्राइमचा छोटा ऑक्सिजनेटर घेतला. त्याची प्रवाहाची मर्यादा आम्हाला लागणाऱ्या साडेतीन-चार लिटरच्या वर होती. शिरेकडची नळी अर्ध्या इंचाऐवजी तीन अष्टमांशाची. अर्ध्या इंची नळीत मीटरला सुमारे १२७ मिलिलिटर मावतं, तीन अष्टमांशात ७१. यंत्र टेबलाच्या इतकं जवळ आणलं की स्क्रब नर्सची ट्रॉली पायाकडे सरकवावी लागली. त्याने नळ्यांची लांबी कमी झाली. रक्तातलं जादा पाणी गाळून काढणारा हिमोफिल्टर जोडून ठेवला, पण कोरडा. प्राइम १००० मिलिलिटरवर आलं.

त्यात ९०० मिलिलिटर संतुलित द्रावण, १०० मिलिलिटर २० टक्के अल्ब्युमिन आणि रक्त गोठू न देणारं हेपरिन ५००० युनिट. नेहमीच्या यादीतलं मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) आणि सोडाबायकार्ब वगळलं. संतुलित द्रावणाला सोडाबायकार्ब लागत नाही. मॅनिटॉलने मूत्रपिंड वाचतं याला भक्कम आधार नाही, आणि शंभर मिलिलिटर जागा मात्र अडते.

बायपासच्या आधी ‘रॅप’ करायचं ठरलं: रुग्णाचंच रक्त महाधमनीकडच्या नळीतून उलटं येऊ द्यायचं आणि त्या जागेतलं प्राइम बाहेरच्या पिशवीत काढून टाकायचं. ३५० मिलिलिटर काढू शकलो तर रुग्णाच्या रक्तात मिसळणारं प्राइम ६५० उरणार होतं. भूलतज्ज्ञ मॅडमनी बायपासपूर्वीचा द्रव २०० मिलिलिटरवर ठेवण्याचं कबूल केलं. हिमॅटोक्रिटचा अंदाज २२.८ टक्क्यांचा.

शेवटचा निर्णय कार्डिओप्लेजियाचा, आणि इथे थोडी ओढाताण झाली. सर्जनना डेल निडो नावाच्या कार्डिओप्लेजियाची सवय होती. एकदा दिलं की बराच वेळ पुन्हा थांबावं लागत नाही, काम सलग होतं. पण त्यात चार भाग क्षारद्रावण आणि एक भाग रक्त असतं. किलोला २० मिलिलिटर या मात्रेने ८२० मिलिलिटर, म्हणजे साडेसहाशेच्या वर निव्वळ पाणी. उजवं अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा उजवा कप्पा, उघडणार नव्हतो, त्यामुळे ते ओढून टाकण्याची सोय नव्हती. हिमॅटोक्रिट पुन्हा १९ कडे घसरला असता आणि सर्किट लहान करण्याची सगळी मेहनत एका बाटलीत वाहून गेली असती. उलट प्रमाणाचं, चार भाग रक्त आणि एक भाग द्रावण असलेलं कार्डिओप्लेजिया दर वीस मिनिटांनी देण्याचं ठरलं. सर्जनना मधूनमधून थांबावं लागणार होतं, ते त्यांनी मान्य केलं.

शस्त्रक्रियेचा दिवस

हेपरिन दिलं, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेला, नळ्या जोडल्या आणि रॅप सुरू केलं. माझा हात क्लॅम्पवर, नजर नळीवर. पारदर्शक द्रवाची सीमा मागे सरकत आली, तिच्या मागून गडद लाल रक्त. मॅडम दर काही सेकंदांनी दाब सांगत होत्या: “पंच्याण्णव… अठ्ठ्याऐंशी… ब्याऐंशी.” दाब वाढवणाऱ्या फिनाइलएफ्रिनचा छोटा डोस गेला. पिशवीत २५० मिलिलिटर जमलं तेव्हा वरचा दाब ७२ झाला आणि मॅडम म्हणाल्या, “बास, थांबा.” मी थांबलो. आकसलेली झडप आणि फुप्फुसातला वाढलेला दाब असताना आणखी शंभर मिलिलिटरसाठी ताणण्यात अर्थ नव्हता.

अशा रीतीने प्राइम ७५० वर आलं. कागदावर २२.१ टक्के आणि बायपासवरचा पहिला नमुनाही २२. चौरस मीटरला २.७ लिटर, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटर प्रवाह ठेवला. शिरेकडची नळी बारीक असल्याने रक्त ओढायला उणे ३० ते ४० मिलिमीटरचा व्हॅक्यूम लावला. लहान सर्किटची किंमत इथे मोजावी लागते. रिझर्व्हॉयरमध्ये ३०० मिलिलिटर आहे आणि सेकंदाला ५८ मिलिलिटर पुढे जातंय, म्हणजे शिरेची नळी वाकली तर यंत्र रिकामं व्हायला पाचच सेकंद. लेव्हल अलार्म चालू होता, तरी त्या तासाभरात मी रिझर्व्हॉयरवरून नजर हलवली नाही.

चाळिसाव्या मिनिटाला, कार्डिओप्लेजियाच्या दुसऱ्या डोसनंतर, हिमॅटोक्रिट २०.५ आला. हिमोग्लोबिन ६.८. ऑक्सिजनचा पुरवठा २६२, म्हणजे २८० च्या खाली. रक्त द्यायचं का? शिरेतल्या रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता ७२ टक्के, लॅक्टेट २.१, तापमान ३२ अंश. शरीराला कमी पडतंय असं यातलं काहीच सांगत नव्हतं. प्रवाह २.९ वर नेला, पुरवठा २८० ला टेकला. हिमोफिल्टर उघडून पुढच्या पाऊण तासात ६०० मिलिलिटर पाणी काढलं. धातूची झडप बसवून झाली, महाधमनीवरचा क्लॅम्प ५८ मिनिटांनी निघाला. बायपासवरून बाहेर येताना हिमॅटोक्रिट २३ होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत दात्याचं रक्त लागलं नाही.

परिणाम

पहिल्या २४ तासांत नळीतून ४२० मिलिलिटर रक्त गेलं. रात्री हिमोग्लोबिन ७.२ झालं तेव्हा अतिदक्षता विभागात एक पिशवी दिली. शस्त्रक्रियेनंतर रक्त देण्यासाठी साडेसात ही मर्यादा आम्ही पाळतो, २०१७ च्या ‘ट्रिक्स-३’ चाचणीने तिला चांगला आधार दिला आहे. व्हेंटिलेटर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला, छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसं बऱ्यापैकी कोरडी. क्रिएटिनिन मात्र दुसऱ्या दिवशी १.४ झालं. व्याख्येप्रमाणे ही मूत्रपिंडाची पहिल्या पायरीची इजा. लघवी चांगली होत राहिली आणि पाचव्या दिवशी आकडा १.१ वर आला. आठव्या दिवशी अॅसिट्रॉमच्या, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या, गोळ्या आणि त्यांचा परिणाम मोजणाऱ्या आयएनआर तपासणीच्या तारखा घेऊन त्या घरी गेल्या. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी दोन महिने आधी हातची गेली. पहिल्यांदा फुप्फुसात पाणी भरून त्या भरती झाल्या तेव्हाही हिमोग्लोबिन दहाच्या आतच होतं. झडपेची शस्त्रक्रिया लागणार हे त्याच दिवशी ठरलं होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून तेव्हाच शिरेतून लोह दिलं असतं तर लाल पेशींचं भांडवल ८०० ऐवजी ९०० च्या पुढे असतं, आणि मग प्राइमच्या शंभर-दोनशे मिलिलिटरसाठी इतकी कसरत करावी लागली नसती. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ-दहा दिसलं की ‘असतंच’ म्हणून पुढे जातात. हृदयाच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या बाईच्या बाबतीत हे चालवून घेणं मला अजिबात मान्य नाही.

चाळिसाव्या मिनिटाला रक्त न देण्याचा निर्णय पुन्हा तपासला पाहिजे. पुरवठा २८० च्या खाली सुमारे दहा मिनिटं होता. क्रिएटिनिन त्यामुळेच वाढलं असं म्हणता येणार नाही, फुप्फुसातला दाब आणि आधीची लघवीची औषधंही कारण असू शकतात. पण प्रवाह वाढवण्यासाठी मी नमुन्याची वाट पाहिली. कार्डिओप्लेजियाचा डोस कधी जाणार हे आधीच माहीत असतं. डोस जातानाच प्रवाह वाढवणं आणि हिमोफिल्टर दुसऱ्या डोसच्या आधी उघडणं जास्त शहाणपणाचं झालं असतं. रक्तगट सहज मिळणारा असता तर त्या क्षणी पिशवी देण्याकडे माझा कल झुकला असता, आणि तोही निर्णय चुकीचा म्हटला नसता.

रॅप आणखी सावकाश करता आलं असतं. आम्ही ते दोन-तीन मिनिटांत उरकलं. दाब टिकवण्याचं औषध आधीपासून थेंबाथेंबाने चालू असतं तर कदाचित तीनशेपर्यंत पोचलो असतो. झडप आकसलेल्या रुग्णात यापुढे तसंच करायचं ठरलं आहे.

अल्ब्युमिनबद्दल आमच्या चमूत आजही एकमत नाही. शंभर मिलिलिटरने फुप्फुसं कोरडी राहिली की हिमोफिल्टरमुळे, हे एका रुग्णावरून कळत नाही. योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये ती बाटली बसवताना दुसरीकडे काटकसर करावी लागते. अल्ब्युमिन तीनच्या खाली असलेल्या लहान चणीच्या रुग्णापुरतंच ते मागायचं, बाकीच्यांना निव्वळ संतुलित द्रावण, अशी रेघ सध्या आखली आहे.

आमच्या प्राइमच्या कागदावर पूर्वी वर द्रवांची नावं छापलेली असत. आता पहिल्या ओळीत वजन आणि हिमॅटोक्रिट, दुसरीत अंदाजे बायपासवरचा हिमॅटोक्रिट, त्याखाली ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचं माप, मग कार्डिओप्लेजियातलं पाणी. द्रवाचं नाव शेवटच्या ओळीत येतं. अंदाज २१ च्या खाली आला तर आदल्या दिवशीच सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट एकत्र बसतात आणि रक्तपेढीला त्याच संध्याकाळी कळवलं जातं.